जागा सोडलेलं पत्र

निकालाला अजून नऊ दिवस आहेत
आणि आतिपोकाने पत्र लिहून ठेवलंय.
माननीय,
पुढे तीन बोटं कोरी जागा,
मग मजकूर.
मी म्हटलं, दोन बोटं पुरली असती.
ती म्हणाली, लांब नावाचा माणूस आला तर?

बोल्गाटांगात हे दिवस हरमॅटनचे.
वाळवंट उठून वाऱ्यावर बसतं
आणि आमच्या टेबलावर उतरतं.
सकाळी पुसलेल्या फाइलीवर
दुपारी बोटाने नाव लिहिता येतं.
कुणाचं लिहायचं, एवढाच प्रश्न.

आमची संस्था म्हणजे सहा माणसं, एक जनरेटर
आणि चौदा सायकली.
मागे झोळीची गाडी जोडून
अडलेल्या बायांना दवाखान्यात पोचवतो.
गाड्यांना जांभळा रंग दिला तेव्हा
तो डबा खपत नव्हता म्हणून स्वस्त होता.
शपथेवर सांगतो, एवढंच कारण.
पुढे एका पक्षाने त्याच रंगाच्या टोप्या वाटल्या.

आता अयामगा घासकागद घेऊन बसलाय.
कुठला रंग देऊ?
कुठलाच नको, पत्रा राहू दे.
गंज चढेल की.
चढू दे. गंजाचा कुठला झेंडा असतो?

भिंतीवर फीत कापणाऱ्या मंत्र्याचा फोटो आहे,
शेजारी आम्ही सगळे, नको तेवढे हसणारे.
काढावा का, यावर एक अख्खी दुपार गेली.
शेवटी तीच म्हणाली, असू दे,
काढला तर मागचा उजळ चौकोन
फोटोपेक्षा जास्त बोलेल.

करारनाम्याच्या तीन प्रती केल्या.
एक बँकेत, एक पाद्रीबाबांकडे,
एक तिच्या आईच्या बाजरीच्या कोठीत,
उंदरांना वाचता येत नाही या भरवशावर.

हिशेब माझ्याकडे असतो.
सगळ्यांना सांगितलं होतं, तीन महिन्यांचे पगार बाजूला आहेत.
काल संध्याकाळी दार लोटून घेतलं
आणि तिला खरं सांगितलं:
दोन महिने आणि अकरा दिवस.
ती रागावली नाही.
जुनी वही काढून माझ्यासमोर ठेवली.

मागच्या पालटात गोदामाला सील लागलं होतं.
जुना साहेब गेलेला, नवा यायचा होता,
सही कुणाचीच चालत नव्हती.
नऊ दिवस.
रक्त थांबवायचं इंजेक्शन कुलपाच्या आत,
लामिसी कुलपाच्या बाहेर.
वहीत तिचं नाव आहे, गाव आहे,
सायकलीचा नंबर आहे.
पुढचा रकाना कुणी भरला नाही.
तीनच बोटांची जागा.

मी काही बोललो नाही.
काय बोलणार?

आज सकाळी आम्ही अकुरुगूकडे गेलो.
चार सरकारं पाहिली त्याने
एकाच स्टुलावर बसून.
नवा गडी नवं राज्य, ते वर, खुर्च्यांत.
खाली पावतीपुस्तक तेच,
मधला कार्बन तेवढा झिजलेला.
आतिपोकाने मागणीपत्र पुढे केलं.
खुर्ची रिकामी असेल तेव्हा, ती म्हणाली,
किल्ली कुणाची?
त्याने चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
मग म्हणाला, नियमात एक ओळ आहे,
तीन महिन्यांचा साठा आगाऊ उचलता येतो,
पण कोणी विचारत नाही.
आणि साहेबांची पेन्सिल अजून टेबलावर आहे तोवर
आतून सही आणून दिली.

चाळीस कुप्या, बर्फाच्या डब्यात.
हातमोजे, सलाइन.
अयामगाने उघड्या पत्र्याच्या गाडीतून
हळूहळू आणलं सगळं,
जणू आतलं कुणी कण्हत होतं.

आता रात्र आहे.
लांबवर कुठल्या तरी सभेचे भोंगे,
दोन्हीकडून सारखेच फाटलेले.
फ्रिजला जनरेटर जोडलाय.
डिझेल किती रात्री पुरेल
हे मी पुन्हा एकदा मोजतोय, यावेळी खरं.

पत्रावर आतिपोकाने दगड ठेवलाय.
वारा आहे म्हणून.